छपरावरचा मॉनिटर

कसालच्या तिठ्यावर चहा पीत बसलेलं असताना बंबाचा भोंगा ऐकू आला, की टपरीवरचं बोलणं थांबतं. सगळ्यांच्या माना हायवेकडे वळतात. बंब सरळ पुढे जातो की मालवणच्या रस्त्याला वळतो, एवढंच बघायचं असतं. वळला, की माणसं खिशातून मोबाइल काढतात. ज्याची बाग त्या बाजूला, तो उठून उभाच राहतो. मीही राहतो. माझी बाग जळून आता दहा-अकरा वर्षं झाली, तरी राहतो.

बंब हा शब्द मी लहानपणी ऐकला तो आमच्या आप्पांकडून. आप्पा म्हणजे माझे मोठे चुलते. तरुणपणी ते मुंबईच्या गोदीत हमाली करायचे. पुढे गावी आले आणि शेती बघू लागले. एप्रिल-मे महिन्यात आम्ही मुलं खळ्यात चटया टाकून झोपायचो, तेव्हा ते गोदीतल्या आगीची गोष्ट सांगायचे. दर वर्षी तीच गोष्ट, आणि दर वर्षी आम्हाला ती नवी.

14 एप्रिल 1944. लढाईचे दिवस. व्हिक्टोरिया डॉकमध्ये एक जहाज लागलं होतं. आप्पा त्याला ‘फोर्ट टिकीन’ म्हणायचे. खरं नाव ‘फोर्ट स्टिकीन’, हे मला पुढे पेपरात वाचून कळलं. त्यात सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी होत्या. सोन्याच्या विटाही होत्या. दुपारी कापसातून धूर निघाला. बंब आले, पाण्यातून फिरणाऱ्या बंबाच्या होड्या आल्या. पाइप सोडून जहाजात नऊशे टनांहून जास्त पाणी ओतलं. जहाजात पाणी साचलं, ते पाणीसुद्धा उकळू लागलं. पण आग नेमकी कुठं आहे, ते धुरात कोणाला दिसेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, चार चौतीसला दुसरा. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. गोदीतली आणि आजूबाजूच्या वस्तीतली माणसं किती गेली, त्यांची तर मोजदादच नीट झाली नाही. आप्पांची त्या दिवशी पाळी नव्हती म्हणून ते राहिले.

आम्ही विचारायचो, “आप्पानू, एवढा पाणी मारल्यानी, तरी इझाक नाय?”

ते म्हणायचे, “पाणी कमी पडूक नाय रे. जळत होता थय पावाक नाय.”

म्हणजे पाणी होतं, पण जिथं जळत होतं तिथं ते पोचलं नाही. त्या 66 जणांच्या आठवणीसाठी 14 एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. आमच्याकडे त्या दिवशी बाबासाहेबांची जयंती असते, त्यामुळे दुसरं कारण फार जणांना माहीत नसतं.

आता माझ्या बागेकडे येतो.

1990 साली सरकारनं रोजगार हमीच्या योजनेतून फळबागेला अनुदान सुरू केलं. त्याच्या पुढच्या दोन वर्षांत मी कातळालगतच्या दोन एकरांत वेंगुर्ला-4 ची दीडशे काजू कलमं लावली. पहारीनं खड्डे मारले. पहिले दोन उन्हाळे माझ्या बायकोनं विहिरीचं पाणी कळशीनं डोक्यावरून नेऊन ती झाडं जगवली. मी ‘माझी बाग’ म्हणतो, पण त्या बागेतलं पाणी तिचं.

बागेच्या पूर्वेला दगडाचा गडगा आणि गडग्याला लागून दादाचं घर. दादा म्हणजे आप्पांचा मुलगा, माझा चुलतभाऊ. घराच्या मागे मांगर, मांगराला टेकून गवताची उडवी, पुढे रस्ता. तो गडगा दोन हात इकडे हवा की तिकडे, यावरून आमचं आठ वर्षं बोलणं बंद होतं. चवथीला मूळ घरातल्या गणपतीपुढे आम्ही दोघं शेजारी उभे राहून आरती म्हणायचो, पण तोंडं दोन दिशांना.

त्या वर्षी शिमगा होऊन आठ दिवस झाले होते. बागेच्या पश्चिमेला माझ्या तरव्याची जागा आहे. तरवा भाजायचा म्हणजे कवळं तोडून वाळवायची, त्यावर पातेरा, गवत, शेण आणि माती घालून आग लावायची. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं काम. त्याचा नियम एकच. पहाटे लावायची आणि वारा उठायच्या आत विझवायची. अकरा वाजले की दर्याकडचा वारा सुटतो, मग ती तुमची राहत नाही.

त्या दिवशी मजूर उशिरा आला. आम्ही आग लावली तीच नऊ वाजता. साडेदहाला वरवर पाणी शिंपडलं, विझली असं म्हटलं आणि मी पेज जेवायला घरी गेलो. कडेला एक जुना बुंधा आतून धुमसत होता. तो मी बघितला नाही.

हे मी आज लिहितोय. तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, की हायवेवरून कोणीतरी विडी टाकली असेल. हायवे तिथून किलोमीटरभर लांब. ऐकणारे ऐकून घ्यायचे, कोणी काही बोलायचं नाही.

पेजेचं ताट पुढ्यात होतं तेव्हा पोरगी ओरडत आली. धावत गेलो तर पातेऱ्यावरून आग सरपटत निघाली होती. मार्च महिना, बी धरलेली. काजूबीच्या टरफलात तेल असतं. लहानपणी आपण बी भाजतो तेव्हा ती कशी फुसफुसून पेट घेते, आठवा. इथं बोंडवांसकट हजारो बिया लटकत होत्या. तडतड आवाज येत होता आणि ठिणग्या पुढच्या झाडाखाली पडत होत्या. वाडीतली वीस-पंचवीस माणसं जमली. ऐनाचे आणि किंजळीचे हिरवे टाळे तोडून झोडपायला लागली. गवताची आग टाळ्यानं विझते. झाड पेटलं, की माणूस जवळ उभा राहू शकत नाही.

कोणीतरी तालुक्याला फोन केला. बंब यायला पाऊण तास लागला. त्यात त्यांची चूक नव्हती. शेवटचा रस्ता म्हणजे जांभ्या दगडाच्या ट्रकांनी पाडलेली चाकोरी. बंब दादाच्या घरासमोर थांबला, त्याच्या पुढे वाटच नव्हती. तोपर्यंत माझी अर्धी बाग जळाली होती, उरलेली अर्धी पेटत होती आणि वारा सगळं पूर्वेकडे, दादाच्या उडवीकडे लोटत होता.

बंबावर चार माणसं. त्यांचा म्होरक्या पन्नाशीचा, बोलण्यावरून घाटावरचा. त्यानं उतरून एकदा बागेकडे बघितलं, एकदा उडवीकडे बघितलं. दादाला विचारलं, “घरात कोण हाय का? सिलिंडर कुठाय?” मग वर चढलेल्या पोराला म्हणाला, “मॉनिटर खोल.”

आमच्या शाळेत मॉनिटर म्हणजे बाई वर्गात नसताना फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहिणारा मुलगा. मी दहावीपर्यंत शिकलो, त्या सगळ्या वर्षांत माझं नाव फळ्यावर असायचं. हा दुसरा मॉनिटर मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. बंबाच्या छपरावर बसवलेली, हातभर लांबीची लोखंडी नळी, जत्रेतल्या उखळी तोफेसारखी. खाली गोल बैठक, तिच्यावर ती डावीकडे-उजवीकडे, वर-खाली फिरते. पोरानं तिचं तोंड फिरवलं. दादाच्या उडवीवर धरलं.

मी धावत गेलो. माझी बाग समोर जळत होती आणि हे पाणी भलतीकडे मारायला निघाले होते. मी ओरडलो, “जळांदे ता घर! माझी बाग आधी!”

जळू दे ते घर, असं मी म्हणालो. माझ्या चुलतभावाच्या घराबद्दल, तो दहा पावलांवर उभा असताना.

म्होरक्या माझ्याकडे न बघता म्हणाला, “काका, बाग गेली. घर ऱ्हायलंय, ते राखू.”

गाडीचं इंजीन घरघरलं आणि त्या तोंडातून पांढरा, दंडाएवढा झोत सुटला. पहिल्या माऱ्यात उडवीच्या वरचं गवत उडून लांब पडलं, राहिलेलं चिंब झालं. मग पोरानं तोंडाशी काहीतरी फिरवलं, तसा झोत फुटून पंख्यासारखा पसरला. ते पाणी मांगराच्या छपरावर, घराच्या कौलांवर आणि गडग्यावर पावसाच्या सरीसारखं पडलं. चार-सहा कौलं सरकून फुटली. वहिनी त्या कौलांसाठी रडत होती. आग गडग्यापर्यंत आली, ओल्या जमिनीला लागली, धूर झाला. टाळेवाली पोरं त्या धुरात घुसली.

आणि बंब बंद झाला. मला वाटलं बिघडला. तो रिकामा झाला होता. अडीच मिनिटं, फार तर तीन.

“पाणी कुठं मिळंल?” म्होरक्यानं विचारलं. मी माझी विहीर दाखवली. त्यानं वाकून बघितलं आणि मान हलवली. मार्चमध्ये माझ्या विहिरीचं पाणी चाळीस फूट खाली असतं. पन्नास मीटर लांब पाणी फेकणाऱ्या त्या बंबाला चाळीस फूट खालचं पाणी ओढता येईना. मला हे ठाऊक असायला हवं होतं. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं तर बाहेरची हवा ते वर ढकलते, आणि तिची ताकद दहा मीटरपर्यंतच. प्रत्यक्षात सात-आठ मीटरलाच पंप दमतो. म्हणून तर मी माझी मोटार विहिरीच्या आत कट्ट्यावर उतरवली होती. पण आगीमुळे वीज बंद केलेली, मोटार काय कामाची? व्हाळात बंधारा असता तर तिथं पाणी मिळालं असतं. आमची वाडी दर वर्षी डिसेंबरात पोत्यांत माती भरून वनराई बंधारा घालायची. त्या वर्षी घातला नव्हता. कोणाची पोती किती, यावरून वाद झाला होता, आणि त्या वादातला एक मी होतो.

बंब दुसऱ्या खेपेचं पाणी घेऊन आला तेव्हा विझवायला बुंधे राहिले होते.

संध्याकाळी मी गडग्यावर बसलो होतो. बायको काळ्या बागेत फिरून प्रत्येक झाडाला हात लावून बघत होती. दादा आला आणि गडग्याच्या त्याच्या बाजूला बसला. आठ वर्षांत पहिल्यांदा. बराच वेळ गेला. मग म्हणाला, “तुझा पाणी माझ्या घरार मारल्यानी रे.”

मी काही बोललो नाही. मी काय ओरडलो होतो ते त्यानं ऐकलं की नाही, त्याच्या तोंडावरून कळेना. विचारायचा धीर झाला नाही.

त्या म्होरक्याचा राग मात्र मी दोन-तीन वर्षं धरला. तो गेला 2017 च्या दिवाळीत. माझा भाचा मुंबईच्या अग्निशमन दलात आहे. भायखळ्याला त्यांचं मुख्यालय. तो दिवाळीला आला होता. त्याच महिन्यात, 6 ऑक्टोबरला, मुंबईच्या बंदरातल्या बुचर बेटावर डिझेलच्या टाकीवर वीज पडून आग लागली होती आणि ती तीन दिवस चालली होती. टीव्हीवर आम्ही बघितली होती. भाचा स्वतः तिथं नव्हता, पण त्याला सगळं ठाऊक. मी त्याला माझी तक्रार सांगितली. जळतंय ते सोडून न जळणाऱ्यावर पाणी मारणारा कसला रे तुमचा मॉनिटर?

त्यानं एक जुनी लग्नपत्रिका घेतली आणि तिच्या मागं हिशोब मांडला.

“मामा, तुमच्या बंबाची टाकी साधारण साडेचार हजार लिटरची. हातात धरायच्या पाइपानं मिनिटाला चारशे-साडेचारशे लिटर जातं. म्हणजे दहा मिनिटं पुरेल. पण तो झोत तुमच्या झाडापर्यंत पोचायला माणूस आगीत न्यावा लागतो. छपरावरचा मॉनिटर मिनिटाला अठराशे-दोन हजार लिटर फेकतो. लांब जातो, जोरात जातो. पण अडीच मिनिटांत टाकी खलास.”

“मग जोर कमी करायचा, पाणी पुरवायचं.”

“तुमचा आंब्यावर फवारायचा एचटीपी पंप आहे ना? त्याचा दाब आमच्या पंपाहून जास्त असतो. पण पाणी किती? मिनिटाला वीस-तीस लिटर. ते बारीक थेंब मोठ्या आगीपर्यंत पोचायच्या आधी वाफ होऊन जातात. आगीच्या पोटात पोचायचं तर झोत जाडच हवा. शिमग्याची पिचकारी आठवा. तोंड बारीक केलं की पाणी लांब जातं, पण पाणी पिचकारीत असेल तेवढंच.”

तो झोत सुटताना मागं धक्काही तेवढाच बसतो, हेही त्यानं सांगितलं. हातातला पाइप धरायला दोन-तीन माणसं लागतात. मॉनिटरच्या झोताचा धक्का शंभर किलोच्या वर जातो, तो माणसाच्या हातात राहणारच नाही. म्हणून तो गाडीला पक्का बोल्टांनी आवळलेला असतो. तेलाच्या कारखान्यांत आणि बंदरांत तर मिनिटाला दहा-दहा हजार लिटर टाकणारे मॉनिटर असतात. त्यांच्यामागे समुद्र असतो किंवा मोठे हौद.

“आणि तिथंसुद्धा मामा,” तो म्हणाला, “पेटलेल्या तेलावर साधं पाणी मारून भागत नाही, उलट तेल उसळून पसरतं. त्यावर फेस टाकतात. मॉनिटरच्या पाण्याचं मोठं काम असतं ते शेजारच्या टाक्या थंड ठेवायचं. पेटलेली टाकी गेली असं समजूनच चालतात. दुसरी पेटू द्यायची नाही.”

मी पत्रिकेवरचे आकडे बघत राहिलो. अडीच मिनिटांत माझी किती झाडं वाचली असती? कदाचित पाच, कदाचित एकही नाही, कारण बंबापासून बागेची पेटलेली कड शंभर मीटरच्या पुढे होती. झोत तिथं पोचलाच नसता. आप्पांची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत होतो, तिच्यातलं हेच तर होतं. आणि त्या अडीच मिनिटांत दादाची उडवी पेटली असती, मांगर, मग घर. आणि ती आग माझ्या तरव्यातून निघालेली. घाटावरच्या त्या माणसाला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं फक्त वारा बघितला आणि टाकी किती भरली आहे ते बघितलं. त्यानं दादाचं घर राखलं, आणि मला जन्मभर ज्या गोष्टीचं उत्तर देता आलं नसतं, त्यातून मलाही राखलं.

बागेतली काही झाडं बुंध्यातून पुन्हा फुटली. बाकीच्या जागी वेंगुर्ला-7 लावली, ती आता धरतात. तरवा मी भाजतो, पण पहाटे पाचला, आणि दुपारपर्यंत तिथून हलत नाही. पेज तिथंच मागवतो. डिसेंबरात व्हाळाला बंधारा पडतो. पोती कोणाची, ते कोणी विचारत नाही. त्या बंधाऱ्यापर्यंत बंब उतरेल अशी वाट आम्ही वाडीनं मिळून केली आहे. बंबाची तोफ केवढीही असो, तिच्या मागं पाणी ठेवणं आपलं काम.

आणि जानेवारी संपताना गडग्याच्या दोन्ही बाजूंनी दहा-दहा फूट जाळरेषा काढायची. गवत कापायचं, पातेरा दाताळ्यानं ओढून लांब न्यायचा, खाली नुसती माती दिसली पाहिजे. माझ्या बाजूची मी, त्याच्या बाजूची दादा. दोघंही आता साठीच्या पुढे, तरी मजूर लावत नाही. गडगा दोन हात इकडे की तिकडे, हे अजून ठरलेलं नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. असेच ओढत होतो. दादा कंबर सरळ करायला थांबला. मी काही विचारलं नव्हतं, विषयही निघाला नव्हता. तो दाताळ्यावर हात टेकून म्हणाला, “त्या दिवसा तू काय आरडलंस, ता माका आयकाक येवक नाय हां. बंबाचो आवाज मोठो होतो.”

मी ओरडलो तेव्हा बंबाचं इंजीन घरघरलंही नव्हतं.

“होय,” मी म्हटलं, “मोठो होतो.”

मग आम्ही खालच्या टोकापर्यंत पातेरा ओढत नेला.